सातबाऱ्याचा सात डिसेंबर

पेण किंवा रोहा तालुक्यातल्या शेतकऱ्याला ७/१२ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा म्हणजे सातबारा. जमीन कोणाची, किती आणि तिच्यात काय पिकते, याचा तो कागद. पण हाच मजकूर एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत टाइप करून एंटर दाबले, की संगणकाला ती तारीख वाटते. भारतीय मांडणी असेल तर चौकटीत ७ डिसेंबर उमटतो, अमेरिकी मांडणी असेल तर १२ जुलै. आत साठवले जाते ते तर तिसरेच : १९०० सालच्या जानेवारीपासून मोजत आणलेला दिवसांचा क्रमांक. २०२४ साली ७ डिसेंबर म्हणून ही नोंद झाली असेल, तर तो क्रमांक ४५६३३. हाच मजकूर भागाकार समजून सोडवला तर ०.५८३३ असे काहीतरी उत्तर येते. जावास्क्रिप्टच्या ‘पार्स-इंट’कडे दिला, तर ते तिरक्या रेघेपाशी थांबते आणि मुकाट्याने ७ परत करते. पायथनचे ‘इंट’ मात्र ‘हा पूर्णांक नाही’ असे सांगून कामच थांबवते. एका मजकुराची ही पाच वाचने आणि एक नकार. नकार गैरसोयीचा आहे, तो काम अडवतो, वापरणाऱ्याला वैताग आणतो. तरीही या सहांपैकी विश्वास ठेवावा असे उत्तर तेवढेच आहे. दोन संगणकीय भाषांमध्ये आकड्यांची देवघेव होते तेव्हा अडणाऱ्या रूपांतरापेक्षा न अडणारे रूपांतर अधिक घातक असते, आणि ते टाळायचे तर आकड्याचा अर्थ कोड लिहिण्याआधी ठरलेला असावा लागतो, हे या लेखाचे म्हणणे आहे.

अशी देवघेव आता रोजची झाली आहे. समजा, तालुक्यातल्या शेतकऱ्यांची एखादी यादी आहे. सर्व्हरवर पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम ती वाचतो, ‘जेसन’ नावाच्या साध्या मजकुराच्या रूपात पाठवतो आणि मोबाइलच्या पडद्यावर जावास्क्रिप्ट ती उलगडून दाखवते. दोन्ही भाषा जवळपास एकाच वयाच्या. पायथन १९९१ची, जावास्क्रिप्ट १९९५ची. पण आकडा कशाला म्हणायचे याबद्दल त्यांचे एकमत नाही. पायथनमध्ये पूर्णांक आणि अपूर्णांक हे वेगवेगळे प्रकार आहेत, आणि पूर्णांक संगणकाच्या स्मृतीत मावेल तेवढा मोठा होऊ शकतो. जावास्क्रिप्टमध्ये नेहमीच्या वापरासाठी एकच प्रकार आहे : १९८५च्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे ६४ बिटांत बसवलेली संख्या, मग ती गोठ्यातल्या गुरांची असो वा नदीच्या पातळीची. प्रकार म्हणजे आकड्याबरोबर दिलेली तीन वचने. किती मोठा आकडा मावेल, तो किती नेमका राहील, आणि त्याच्यावर कोणत्या क्रिया करण्याला अर्थ आहे. जेसनमधून जातात ते नुसते अंक. वचने मागे राहतात. पायथनने १.० पाठवले तर जावास्क्रिप्टला ते १ दिसते, ती १ म्हणूनच परत पाठवते, आणि पायथनला परत मिळतो तो पूर्णांक. इथे किंमत तीच राहिली, वचन तेवढे बदलले. पण वचन बदलले की किंमत बदलायला वेळ लागत नाही.

पहिले वचन मावण्याचे. पेणचा पिनकोड ४०२१०७, रोह्याचा ४०२१०९. चिन्ह नसलेल्या १६ बिटी पूर्णांकात ६५,५३५ पर्यंतचेच आकडे मावतात, म्हणून तिथे हे दोन्ही बसत नाहीत. ३२ बिटांत ते आरामात बसतात. त्यावरून ३२ बिट कशालाही पुरतील असे वाटू लागते. पण भारतातला दहा आकडी मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, आणि चिन्हासहित ३२ बिटी पूर्णांकाची कमाल मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७. चिन्हाचा बिट मोकळा करून घेतला तरी ती ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे जात नाही. म्हणजे देशातला एकही मोबाइल क्रमांक या प्रकारात मावत नाही. जावास्क्रिप्टची संख्या ६४ बिटांची असल्याने तिला ही अडचण येऊ नये, असे वाटेल. परंतु तिच्यातल्या बिटांवरच्या क्रिया आकड्याला आधी ३२ बिटांवर आणतात. ९,००,००,००,००० हा गोल आकडा अशा एका क्रियेतून गेला की ४१,००,६५,४०८ होऊन बाहेर पडतो. इशारा नाही, चूक झाल्याचा संदेश नाही. वरच्या टोकालाही तसेच. ६४ बिटांपैकी नेमकेपणासाठी ५३ च हाताशी असल्याने ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे जावास्क्रिप्टला लागोपाठचे पूर्णांक वेगळे ओळखता येत नाहीत. पायथनने या आकड्याहून एकाने मोठा आकडा पाठवला, तर तो वाटेत एकाने लहान होतो. २०१० साली ट्विटरचे संदेश-क्रमांक ही मर्यादा ओलांडणार हे दिसले, तेव्हा त्या कंपनीने प्रत्येक क्रमांक आकडा म्हणून आणि मजकूर म्हणूनही, असा दुहेरी पाठवायला सुरुवात केली. एक्सेल तर पंधरा अंकांपुढे जातच नाही. सोळा आकडी कार्ड क्रमांक आकडा म्हणून टाकला, की शेवटच्या जागी शून्य येते.

दुसरा प्रश्न मजकुरातून आकडा काढण्याचा, आणि तो मराठीत अधिक टोकदार होतो, कारण आपण अंकही आपल्या लिपीत लिहितो. देवनागरीत लिहिलेला ‘४०२१०७’ पायथनच्या ‘इंट’ला दिला, तर ते तो बिनतक्रार वाचते, युनिकोडमधल्या कुठल्याही लिपीतले दशमान अंक त्याला ओळखता येतात. जावा ही वेगळी भाषाही तो वाचते. जावास्क्रिप्टला मात्र ही निव्वळ अक्षरे वाटतात आणि ती ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, असे उत्तर देते. इथपर्यंत ठीक. पण हे नॅन जेसनमध्ये लिहायची वेळ आली, की जावास्क्रिप्ट त्याच्या जागी ‘नल’, म्हणजे रिकामी जागा, ठेवते. आणि त्या रिकाम्या जागेचा पुन्हा आकडा करायला सांगितले, की उत्तर येते शून्य. कागदावर स्वच्छ लिहिलेला देवनागरी आकडा अशा तीन पायऱ्यांत शून्य होतो, आणि एकाही पायरीवर कोणी हरकत घेत नाही. नुसता कोरा रकानाही जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला शून्यच वाटतो, तर पायथन कोऱ्या रकान्याचा पूर्णांक करायला नकार देते. पावसाळ्यात डोलवहाळ बंधाऱ्याजवळची कुंडलिका नदीची पातळी किंवा नागोठण्याजवळची अंबा नदीची पातळी ज्या तक्त्यात भरली जाते, तिथे ‘नोंद आली नाही’ आणि ‘पातळी शून्य’ यांतला फरक केवढा आहे, हे रोहेकरांना सांगायला नको. आपल्या पद्धतीचा स्वल्पविरामही असाच अडतो. इंग्रजी अंकांत, पण स्वल्पविराम देऊन लिहिलेले दीड लाख पायथनचे ‘इंट’ घेत नाही, जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ही घेत नाही, ‘पार्स-इंट’ मात्र पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते आणि दीड लाखाचा एक रुपया करून देते.

तिसरी गोष्ट अपूर्णांकांची, आणि तिचा उत्तम धडा संगणकाच्या आधीच्या काळातला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी भारताने रुपयाचे सोळा आणे सोडून शंभर नवे पैसे स्वीकारले. त्यासाठीचा नाणेविषयक कायदा १९५५ साली झाला, तेव्हा केंद्रात अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. रोह्याशी ज्यांचे नाव आजही अभिमानाने जोडले जाते, तेच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जुनी नाणी लगेच बाद झाली नाहीत, त्यामुळे काही वर्षे बाजारात दोन मोजण्या शेजारी शेजारी चालल्या. एका आण्याचे ६.२५ नवे पैसे होतात, आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून सरकारने तक्ता दिला. एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. अर्धा पैसा किंवा त्याहून कमी असेल तर सोडायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुरा धरायचा, हा त्यामागचा नियम. आजच्या प्रोग्रॅमरला हा प्रश्न ओळखीचा वाटेल, कारण तो नेमका त्याचाच आहे : दोन मोजण्या, त्यांची घडण वेगळी, आणि एकीतले सगळे आकडे दुसरीत नेमके उतरत नाहीत.

गंमत अशी, की संगणकाची पसंती जुन्या मोजणीला पडली असती. संगणक दोनाच्या पटीत मोजतो. त्याच्याकडे अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा भाग हे नेमके असतात. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग आणि जुना पैसा म्हणजे चौसष्टावा, म्हणून दोन्ही ६४ बिटी अपूर्णांकात कणभरही न सांडता बसतात. फक्त पै, म्हणजे रुपयाचा एकशेब्याण्णवावा भाग, तिनाच्या पटीमुळे बसत नाही. नव्या पैशांचे मात्र उलटे झाले. एक ते नव्व्याण्णव पैशांपैकी रुपयाचा अपूर्णांक म्हणून नेमके बसणारे आकडे तीनच : २५, ५० आणि ७५, म्हणजे पावली, अधेली आणि बारा आणे. बाकीचे शहाण्णव आकडे संगणक जवळपासच्या किमतीवर टेकवून ठेवतो. दहा पैसे आणि वीस पैसे मिळवल्यावर पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देतात, ते यामुळेच. भाषा चुकलेली नसते. माणसाने दशमानात विचारलेल्या प्रश्नाला तिने द्विमानात दिलेले ते प्रामाणिक उत्तर असते. म्हणूनच पैशांचे व्यवहार पूर्ण पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावेत, किंवा पायथनच्या ‘डेसिमल’सारखा दशमानात मोजणारा प्रकार वापरावा, हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो योग्य आहे.

पण नुसता प्रकार निवडून प्रश्न सुटत नाही, हे १९५७चा तक्ताच दाखवतो. दोन आण्यांचे १२.५, सहाचे ३७.५, दहाचे ६२.५ आणि चौदाचे ८७.५ नवे पैसे होतात. हे अर्धे पैसे संगणकात अगदी नेमके बसतात, त्यामुळे इथे साठवणुकीला दोष देता येत नाही. कायद्याप्रमाणे उत्तरे येतात १२, ३७, ६२ आणि ८७. हेच चार आकडे पायथनच्या ‘राउंड’ला दिले तर १२, ३८, ६२ आणि ८८ येतात, कारण बरोबर अर्धा आला की ते जवळच्या सम संख्येकडे झुकते. जावास्क्रिप्टचे ‘मॅथ-राउंड’ १३, ३८, ६३ आणि ८८ देते, कारण ते अर्ध्याला नेहमी वर ढकलते. दोन लोकप्रिय भाषा, दोघींच्या मुरलेल्या सवयी, आणि भारत सरकारच्या कायद्याशी दोघींपैकी एकीचाही मेळ नाही, एकमेकींशीही नाही. यात कुठलीच रीत गणिताने चूक नाही. सम संख्येकडे झुकण्यामागे दीर्घ बेरजेत कल साचू नये हा विचार आहे, वर ढकलण्यामागे शाळेतली सवय आहे, आणि कायद्यात अर्धा पैसा सोडून देण्याचा निर्णय आहे. त्यातली कोणती रीत लागू, हे सांगणारा माणूस लागतो. प्रकार ते सांगत नाही.

क्रमही तितकाच महत्त्वाचा. सोळा वेळा एक-एक आणा वेगवेगळा बदलून घेतला तर ९६ नवे पैसे होतात. आधी बेरीज करून मग बदलला तर शंभर. जमिनीच्या मापात हाच फरक पायाखाली येतो. ३३ फूट लांब आणि तेवढाच रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिले जाते. प्रत्येक गुंठ्याचे आधी १०१ चौरस मीटर केले आणि मग चाळीस गुंठ्यांची बेरीज केली, तर एकराचे ४,०४० चौरस मीटर भरतात. आधी बेरीज केली तर सुमारे ४,०४६.८६. एका एकरात जवळजवळ सात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७४ चौरस फूट जागा, निव्वळ क्रम बदलल्याने कागदावरून नाहीशी होते. पायथनच्या बाजूने बेरीज आधी होत असेल आणि जावास्क्रिप्टच्या पानावर रूपांतर आधी, तर एकाच शेतकऱ्याला दोन क्षेत्रे दिसतील आणि दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी निर्दोष ठरतील. शक्य तेवढी गणिते मूळ मापातच करावीत आणि रूपांतर एकदाच, अगदी शेवटी करावे, हा नियम इथून निघतो.

याहून खोल अडचण अशी, की अंकांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. जुन्या कागदावर २.३५ लिहिलेले असेल आणि तिथे एकर-गुंठे अभिप्रेत असतील, तर ते दोन एकर पस्तीस गुंठे आहेत. दोन्ही भाषा त्याला दोन पूर्णांक पस्तीस शतांश एकर समजतील, म्हणजे दोन एकर चौदा गुंठे. एकवीस गुंठे एका टिंबात गेले. हेक्टर आणि आर यांत शंभराची पट असल्याने ही चूक तिथे लपून राहते, आणि लपल्यामुळेच एकर-गुंठ्यांच्या जुन्या नोंदी आणताना ती हटकून होते. सर्व्हे नंबर ४५ चा पहिला हिस्सा ४५.१ आणि दहावा हिस्सा ४५.१० असा लिहिला, तर संख्या म्हणून दोन्ही एकच. दोन खातेदार एका ओळीत येतात. पेणच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या गाडीवर एमएच-०६ असते. त्यातला ०६ आकडा म्हणून घेतला की शून्य गेले, आणि एमएच-६ नावाची नोंदणी कुठेही नाही. सी भाषेत तर शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा समजला जातो. रायगडचा ०६ तिथे निभावून जातो, रत्नागिरीच्या ०८ वर मात्र ती अडते, कारण अष्टमानात आठ हा अंकच नाही. हा केवळ कारकुनी घोळ आहे असे कोणाला वाटत असेल, तर जनुकशास्त्राकडे पाहावे. ‘मार्च १’, ‘सप्टेंबर १’ अशा महिन्यांसारख्या दिसणाऱ्या लघुनावांच्या मानवी जनुकांना एक्सेल तारखा बनवत राहिले, तेव्हा अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली आणि २०२० साली नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सातबाऱ्याचे नाव बदलणे काही शक्य नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सामर्थ्याचा. आजचे संगणक ६४ बिटी आहेत, स्मृती स्वस्त आहे, जावास्क्रिप्टलाही २०२० पासून ‘बिग-इंट’ हा अमर्याद पूर्णांक मिळाला आहे. मग जुन्या मर्यादा कशाला उगाळायच्या? पण वर आलेल्या उदाहरणांपैकी स्मृतीच्या कमतरतेमुळे घडणारी उदाहरणे थोडी आहेत. गोलाईची रीत, कोऱ्या रकान्याचे शून्य, एकर-गुंठ्यांचे टिंब, ०६ मधले शून्य, यांतले काहीही जास्त बिटांनी सुटत नाही. आणि बिग-इंटचे वर्तनच इथे बोलके आहे : ते जेसनमध्ये लिहायला सांगितले तर जावास्क्रिप्ट सरळ चूक दाखवते, हे तू ठरव म्हणते. भाषेत पंचवीस वर्षांनी आलेला प्रकार गप्प राहायचे नाकारतो, यात भाषा घडवणाऱ्यांनी घेतलेला धडा दिसतो.

दुसरा आक्षेप किरकोळपणाचा. पाव पैसा, सतराव्या घरातला चार, यांनी काय बिघडते? एकदा झाले तर काहीच नाही. पण प्रोग्रॅम एकदा चालत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने १९८२च्या जानेवारीत १,००० या पातळीवरून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांश स्थळांनंतरचा भाग गोल न करता तोडून टाकला जाई. दर वेळी तुटणारा तुकडा हजारांशापेक्षा लहान होता. बावीस महिन्यांनी निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता. तो नव्याने मोजला तेव्हा खरी किंमत निघाली १,०९८.८९२. बाजार वर चालला होता आणि आकडा अर्ध्यावर आला होता. चुकीचा आकार पाहून निर्धास्त राहता येत नाही. तिची दिशा कोणती आणि ती किती वेळा घडते, हेही पाहावे लागते. एका बाजूला झुकणारी लहान चूक साचत जाते, दोन्ही बाजूंना विखुरणारी बरीचशी आपोआप मिटते.

तिसरा आक्षेप अनुभवी लोकांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. एवढी भानगडच नको, सगळे मजकूर म्हणूनच पाठवा आणि साठवा, असे ते म्हणतात. ओळखक्रमांकांच्या बाबतीत त्यांचे शंभर टक्के बरोबर आहे. पिनकोड, मोबाइल, आधार, सर्व्हे नंबर, गाडीचा क्रमांक यांची बेरीज कोणी करत नाही. त्यांना मजकूर म्हणूनच ठेवावे. क्षेत्र, रक्कम आणि पाऊस यांना मात्र हा उपाय लागू पडत नाही. मजकूर म्हणून क्रम लावला तर १० हा ९ च्या आधी येतो, आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन मजकुरी आकड्यांमध्ये अधिक चिन्ह घातले तर २ आणि ३ मिळून २३ होतात. शिवाय मजकूर हाही कधीतरी, कोणीतरी, कुठेतरी आकड्यात बदलणारच असतो. सगळे मजकुरात ठेवणे म्हणजे निर्णय पुढच्या माणसावर ढकलणे, आणि त्या माणसाजवळ मूळ कागद नसतो.

चौथा आक्षेप या लेखाच्या मूळ म्हणण्यालाच आहे. नकार देणारे रूपांतर चांगले म्हणता, मग नकारानेच अनर्थ झाला त्याचे काय? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, झेपावल्यानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटी अपूर्णांकात असलेला आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा १६ बिटी पूर्णांकात बसवताना ३२,७६७ ची मर्यादा ओलांडली गेली. ॲडा भाषेतला तो प्रोग्रॅम गप्प राहिला नाही. त्याने चूक जाहीर केली. पण ती झेलायची व्यवस्था त्या जागी केलेलीच नव्हती, म्हणून दिशादर्शक संगणकच बंद पडला. तसे धोक्याचे आकडे सात होते; चारांना संरक्षण दिले होते आणि तीन तसेच सोडले होते, कारण आधीच्या एरियान ४ च्या उड्डाणमार्गावर ते एवढे मोठे होणे शक्य नव्हते आणि संगणकावरचा भार ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा होता. कोड जुन्या रॉकेटवरून आला, गृहीतके त्याच्याबरोबर आली, त्यांची नव्या मार्गाशी पडताळणी झाली नाही. म्हणून नकार पुरेसा नाही हे मान्य. नकार ऐकणारा कोणी हवा. पण याच अपघाताचे कारण काही आठवड्यांत शोधता आले, तेही चूक जाहीर झाल्यामुळे. व्हँकुव्हरचा गप्प निर्देशांक बावीस महिने चुकत राहिला.

एवढ्या चर्चेतून कामाची शिस्त निघते, आणि ती कोणत्याही एका भाषेची नाही. प्रत्येक रकान्यासाठी आधी ठरवावे की हे मोजमाप आहे की ओळख. ओळख असेल तर मजकूर, शून्यांसकट. मोजमाप असेल तर एकक, लहानात लहान घटक आणि कमाल मर्यादा लिहून ठेवाव्यात : रक्कम पैशांत, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, दोन्ही पूर्णांक. कोरे आणि शून्य यांना वेगळी चिन्हे असावीत. देवनागरी अंक, स्वल्पविराम, तिरकी रेघ यांचे काय करायचे हे आत येण्याच्या दारावरच ठरावे, आणि शंका आली तर ती ओळ बाजूला काढून माणसाकडे पाठवावी. एका भाषेतून दुसरीत जाऊन परत आलेला आकडा मूळ आकड्याशी ताडून पाहावा. आणि तपासणीसाठी सोयीचे आकडे न घेता ०६, ४५.१०, १२.५, कोरा रकाना आणि देवनागरीतला पिनकोड असे अडचणीचे घ्यावेत. याने काम थोडे हळू होते, हे खरे आहे. पण ही तपासणी हद्दीवर एकदा करायची असते, आतल्या प्रत्येक बेरजेला नव्हे.

राहतो तो गोलाईचा निर्णय, आणि तो प्रोग्रॅमरच्या एकट्याच्या अखत्यारीतला नाही. १९५७ साली अर्धा पैसा कोणी सोडायचा हे कायद्यात आणि तक्त्यात लिहिलेले होते; दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही ते वाचता येत होते, पटले नाही तर त्याच्यावर भांडताही येत होते. आज एखाद्या पतसंस्थेचे व्याज सर्व्हरवर पायथन काढते आणि खातेदाराच्या मोबाइलवर जावास्क्रिप्ट, तेव्हा अर्धा पैसा कोणाच्या बाजूला जाईल हे बहुतेकदा कोणीच ठरवलेले नसते. ज्या भाषेत तो भाग लिहिला गेला, तिच्या सवयीने ते ठरते. ती सवय ना संचालक मंडळापुढे आलेली असते, ना पासबुकावर छापलेली. गोलाईची रीत, एकके आणि रूपांतराचा क्रम हे संस्थेच्या ठरावात एका परिच्छेदात मावतात. ते तिथे लिहिले गेले, की दोन्ही भाषांतल्या प्रोग्रॅमना पाळायला एकच नियम मिळतो, आणि हिशेब चुकला तर खातेदाराला बोट ठेवायला एक ओळ मिळते.